पुन्हा तेच व्हायोलिन

रविवारी सकाळी अकरा चाळीसला तीन नंबरच्या पडद्यावर नायकाची आई मेली आणि मागच्या तीन रांगा खो खो हसल्या.

पुढच्या रांगांमधली माणसं रडत होती. त्या वर्षातला सगळ्यात गाजलेला सिनेमा होता तो. लोक रुमाल घेऊनच येत. मधल्या रांगेतले एक गृहस्थ उठले, मागे वळले आणि ओरडले, "लाज नाही वाटत? आई गेलीय तिकडे!" मागच्या रांगांवर त्याचा काडीचाही परिणाम झाला नाही. तिथे बसलेल्यांपैकी जवळजवळ कोणालाच ऐकू येत नव्हतं.

दर रविवारी सकाळी त्या थिएटरात ऐकू न येणाऱ्यांसाठी एक खेळ असे. पडद्याच्या खालच्या कडेला संवाद लिहून येत आणि त्यांच्या मधे, कंसात, आवाज. दार वाजतं. गाडी थांबते. लांबवर कुत्रा भुंकतो. ऐकू येणारेही या खेळाला येत, पण ते ही अक्षरं वाचत नसत. आई शेवटचा श्वास घेत होती तेव्हा तिथे 'करुण संगीत' असं यायला हवं होतं. त्याऐवजी आलं:

[पुन्हा तेच व्हायोलिन. रडा आता.]

ज्या बाईनं हे लिहिलं होतं ती शेवटून दुसऱ्या रांगेत आपल्या आत्याशेजारी बसली होती. चूक कशी झाली हे तिला तिथल्या तिथे कळलं, कारण असली चूक दुसरं कोणी करणं शक्यच नव्हतं.

तिची कामाची पद्धत अशी. स्टुडिओत सिनेमा आला की पहिल्या फेरीत ती सगळे आवाज आत्याला सांगितल्यासारखे लिहून काढी. हात मोकळा सोडून. 'दार आपटून गेला, गाढव.' 'ढोल. म्हणजे हा आता मार खात नाही.' मग दुसऱ्या फेरीत सगळ्यावर इस्त्री. गाढव जाऊन 'दार आपटतं' उरे, ढोलांचं 'जोशपूर्ण संगीत' होई. या सिनेमावरूनही इस्त्री फिरली होती. एक सुरकुती राहून गेली, आणि नेमकी आईच्या मरणावर.

आत्या तिच्या वडिलांची धाकटी बहीण. विशीत एक मोठा ताप आला, तो उतरला आणि जाताना कान घेऊन गेला. आत्या बोले पूर्वीसारखीच, थोडी मोठ्यानं. समोरच्याचे ओठ वाचून ऐके. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासण्यात तिची नोकरी झाली. घरी टीव्हीवर सिनेमा लागला की ही भाची टीव्हीशेजारी स्टुलावर तिच्याकडे तोंड करून बसायची आणि आवाज सांगायची. आता बासरी. आता पाऊस. आता कोणीतरी शिट्टी मारली, वाईट माणूस आहे. यातूनच तिचं नाव 'पोपट' पडलं. चाळिशी आली तरी आत्याच्या तोंडी तेच होतं.

सिनेमांबद्दल आत्याची मतं ठाम होती आणि त्यांना एकच कसोटी होती: मिशी. मिशीवाल्या नटाचे ओठ दिसत नाहीत, सबब तो नट वाईट. "मिशी म्हणजे तोंडाला लावलेला पडदा," ती म्हणे. "ज्याला बोलायचंय तो पडद्यामागून कशाला बोलेल?" मोठमोठ्या नटांची तिनं अशी वासलात लावली होती. गाण्यांच्या बाबतीत तर वादाला जागाच नव्हती. ऐकू येईनासं होण्याच्या आदल्या वर्षी घेतलेली एक कॅसेट तिच्याकडे होती, तोच जगातला शेवटचा चांगला अल्बम. त्यानंतर संगीत बिघडलं ते बिघडलंच.

"तुला कसं माहीत?" घरातलं कोणी ना कोणी विचारी.

"चांगलं काही झालं असतं तर कानावर आलंच असतं की," आत्या म्हणे, आणि स्वतःच आधी हसे.

तर दिवे लागले. भाचीला जमिनीनं गिळलं असतं तर बरं वाटलं असतं. पण आत्या उठून उभी राहिली, तिच्याकडे बोट दाखवलं आणि मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मागच्या रांगांना कळलं. ही, आणि माझी. ऐकू न येणारी माणसं टाळ्या वाजवत नाहीत. हात वर करून पंजे हलवतात. तिन्ही रांगांमधले हात वर गेले. थिएटरच्या दारापर्यंतच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी पंजे हलत होते. एका म्हाताऱ्यानं तिला थांबवून 'व्हायोलिन' अशी खूण केली, डोळे पुसल्याचं नाटक केलं आणि पोट धरून हसला. इतकी वर्षं ती आवाज लिहीत होती. ते कोणीतरी वाचतं याचा पहिला पुरावा हा होता. तिची मान ताठ झाली, ती घरी पोचेपर्यंत खाली आली नाही.

सोमवारी स्टुडिओच्या साहेबांनी तिला काचेच्या खोलीत बोलावलं.

"मॅडम, हे काय आहे?"

"व्हायोलिन आहे, साहेब."

"ते मलाही वाचता येतं. 'रडा आता' काय आहे?"

"ते राहून गेलं."

"माणूस बसमध्ये छत्री राहून गेली म्हणतो, मॅडम. हे काय राहून जाणं झालं?" साहेबांनी कपाळ चोळलं. "संगीतकारांचा सकाळपासून फोन चालू आहे. कोणी लिहिलं म्हणून विचारतायत. मी सांगणार आहे, मशीननं लिहिलं. हल्ली मशीन काहीही लिहितं, सगळ्यांना पटतं."

"मशीनला एवढं सुचत नाही."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. ती चेष्टा करत नव्हती.

"हे बघा. उद्या दुपारपर्यंत तिथे 'करुण संगीत' घालून पाठवा. विषय संपला. नाहीतर पुढचे सिनेमे खरोखरच मशीनला देईन. त्याचं निदान काही राहून जात नाही."

"चूक झाली, ती मी कबूल करते. पण मशीनचं नाव सांगू नका. माझं सांगा."

"तुमचं नाव सांगून माझं दुकान चालायचं नाही."

"आणि 'करुण संगीत' वाचून कोणाला काय कळतं, साहेब? औषधाच्या बाटलीवर 'औषध' लिहिल्यासारखं आहे ते."

"लोकांना चालतं."

"रविवारी हसले ते बघायला हवं होतंत तुम्ही."

"तेच तर म्हणतोय मी!" साहेब म्हणाले. "आई मेली होती!"

संध्याकाळी तिनं आत्याला सगळं सांगितलं. आत्याची बाजू कोणती असणार याबद्दल तिला शंका नव्हती. आत्यानं चहा ओतला, समोर बसली, तिच्या ओठांवर नजर ठेवून शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "व्हायोलिन तुला आवडत नाही ना गं?"

"हे कोण म्हणालं?"

"तूच. लहान होतीस तेव्हापासून. बासरी आली की तुझे हात असे तरंगायचे. आणि व्हायोलिन आलं की दाढ दुखतेय असं तोंड."

"असेल. मग?"

"मग काही नाही. माझ्या कॅसेटची दुसरी बाजू सगळी व्हायोलिनची आहे."

भाचीचा कप हातातच राहिला. ती कॅसेट तिनं कधी ऐकलीच नव्हती. तिच्या जन्माआधीच टेपरेकॉर्डरनं फीत खाल्ली होती. आत्या इस्त्री करताना त्यातलं गुणगुणे, पण स्वतःला ऐकू येत नसल्यानं सूर कुठल्या कुठे जाई. त्यावरून वाद्य ओळखणं कोणाच्या बापाला जमलं नसतं.

"तू कधी बोलली नाहीस."

"मला वाटलं, व्हायोलिन बिघडलंय हल्ली. तू सांगतेस म्हणजे असणारच." आत्यानं बशीत बिस्किट बुडवलं. "काल मीही हसले, सगळ्यांत मोठ्यानं हसले. घरी आल्यावर मनात आलं, मी हसले कशाला? व्हायोलिनला की पोपटाला?"

"दोन्हीला."

"व्हायोलिन कुठे होतं त्यात? ते कसं वाजलं, काय वाजलं, काही नव्हतं. नुसती तू होतीस." तिनं कप बाजूला सारला. "तुझं मत मला हवंय गं. तुझ्या मतावरच तर सगळे सिनेमे बघितले मी. पण आधी वाजलं काय ते सांग, मग नाक मुरड. तू आधी नाक मुरडतेस आणि वाजलेलं तिथेच राहतं."

"मिशी बघून नट ठरवणारी बाई मला शिकवणार!"

"मिशी असते तेव्हाच मी मिशी आहे म्हणते," आत्या म्हणाली.

मंगळवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी स्टुडिओत पोचली. कानांवर हेडफोन चढवले आणि पडदा बंद ठेवून नुसता आवाज लावला. आईचं मरण. खोकला, पलंगाची करकर, आणि व्हायोलिन. पहिल्यांदा ऐकताना तिची दाढ दुखलीच. तिनं ते पुन्हा लावलं, मग आणखी एकदा. तेच, हे तिनं लिहिलं होतं. पण कुठलं तेच? सिनेमा मागे नेत ती व्हायोलिनची एकेक जागा ऐकत गेली. नायक परीक्षेत पास होतो तिथे हेच. नायक शहर सोडतो तिथेही हेच, जरा भराभर. आणि अगदी सुरुवातीला, नावं पडद्यावर येण्याआधी, आई पाळण्याशी बसून काहीतरी गाते. तिथे तिनं स्वतःच लिहिलं होतं: आई अंगाई गाते.

हीच ती चाल.

सगळ्या ठिकाणी चाल शेवटच्या सुरावर येऊन टेकत होती. मरणाच्या वेळी टेकत नव्हती. व्हायोलिन त्या सुराच्या तोंडाशी येऊन थांबत होतं. पुढे नुसती खोलीतली शांतता, आणि मग नायकाचा हंबरडा. हंबरडा भयंकर होता, त्याबद्दल तिचं मत बदलण्याचं काही कारण नव्हतं. सिनेमा अर्धा तास जास्तच लांब होता, त्याच्या गाण्यांचा अल्बम सुमार होता, आणि घराघरात तो वाजत होता म्हणून तो चांगला ठरत नव्हता. पण ही एक जागा संगीतकारानं जाणून बांधली होती. तिच्या कानानं ती पकडलीही होती. म्हणून तर 'पुन्हा तेच' हे शब्द आले. पुढचं ऐकायच्या आत तिनं नाक मुरडलं होतं.

तिनं 'रडा आता' पुसलं. 'पुन्हा तेच व्हायोलिन' पुसायला बोट गेलं आणि थांबलं. त्यात खोटं काय होतं? तिनं पुढे लिहिलं, मोजून दोन ओळींत बसवलं, आणि साहेबांना पाठवलं:

[पुन्हा तेच व्हायोलिन, अंगाईचं. शेवटचा सूर वाजत नाही.]

खाली निरोप जोडला: "बदल केला आहे. 'करुण' असं लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. कोणी लिहिलं असं विचारलं तर माझं नाव द्यावं."

पाठवून झाल्यावर ती खुर्चीत मागे रेलली. रविवारी पंजे हलले होते तेव्हाही असं वाटलं नव्हतं. तेव्हा लोक दाद देत होते. आता खोलीत कोणी नव्हतं, आणि वाक्य बरोबर होतं.

साहेबांचं उत्तर दुपारी आलं. "बघितलं." एवढंच.

घरी तिनं आत्याला फोनवर ती ओळ दाखवली. आत्यानं चष्मा कपाळावर सरकवून, फोन नाकाशी धरून वाचली.

"कोणता सूर?"

हे सांगायचं कसं, याला तिच्याकडे शब्द नव्हता, खूणही नव्हती. तिनं आत्याचा हात उचलला, स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि अंगाई गुणगुणली, पूर्ण. मग पुन्हा सुरुवात केली आणि त्या सुराच्या आधी थांबली. आत्याची बोटं गळ्यावर तशीच राहिली. वाट बघत. बराच वेळ.

"आलाच नाही," आत्या म्हणाली.

"नाही येत."

"बदमाश आहे तो संगीतकार." हात काढून घेताना तिनं भाचीच्या गालावर एक हलकी चापटी मारली. "आणि पोपट माझा आहे."

"सिनेमा मात्र बंडल आहे हं, आत्या. ते मी मागे घेत नाही."

"तुला काय कळतंय! नायकाला मिशी नाही. सगळं स्वच्छ दिसतं."

गुरुवारी थिएटरनं ऐकू न येणाऱ्यांच्या मंडळाला कळवलं, की येत्या रविवारी दुरुस्त केलेली प्रत दाखवली जाईल. दुरुस्ती काय आहे ते त्यात नव्हतं. शुक्रवारी तिकीटखिडकीवर आत्याला आणखी एक गोष्ट समजली: त्याच खेळाचं, मागच्या रांगेतलं एक तिकीट संगीतकारांनी माणूस पाठवून नेलं आहे. आत्यानं लगेच त्याच्या शेजारच्या दोन खुर्च्या घेतल्या.

साहेबांनी पुढचा सिनेमा अजून कोणाकडेच दिलेला नाही. पडद्यावर कोणती ओळ येणार, आणि संगीतकारांना नाव सांगितलं गेलं की मशीन, हे शनिवारी संध्याकाळपर्यंत कळलेलं नाही.