हंसाबाईचे तीनशे वीस

"चारशे ऐंशी. कोणी बी इचारलं तं चारशे ऐंशीच सांगाचं," मॅनेजर घनश्यामबाबूंनी बायांना तिसऱ्यांदा बजावलं. "रजिस्टरवर तेच हाय."

राळेगावच्या रस्त्यावरच्या त्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात बायांना प्रत्यक्षात रोजचे तीनशे वीस रुपये मिळत. तीन वर्षांपासून तेवढेच. हंसाबाई बावीस वर्षं दर दिवाळीनंतर तांड्यावरून इथं यायची आणि कापसातला काडीकचरा वेचत बसायची. बोलायची कमी.

दुपारी मजुरीची सरकारी पाहणी करायला एक तरुण मुलगी आली. दिपाली तिचं नाव. झरोक्यातून ऊन आत उतरलं होतं आणि त्यात रुईचे तंतू असे तरंगत होते की सगळी शेड पाण्याखाली असल्यासारखी वाटत होती.

"मावशी, रोज किती मिळतात?"

"चारशे ऐंशी," हंसाबाई म्हणाली.

आकडा तोंडातून निघाला आणि खरंच तेवढे मिळत असते तर, या विचारात ती राहून गेली. तिला उज्ज्वला दिसली. तिची लेक, नर्सच्या पांढऱ्या कपड्यांत, रुईतून हळूहळू चालत येणारी. मागे हंसाबाईचा नवरा बाबूसिंग होता, वेळेवर ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं दूरचा रस्ता न्याहाळत. कुणाला कसली घाई नव्हती. कुणी काही मागत नव्हतं.

"मावशी?"

"हो बाई. या आकड्याचं काय करता तुमी?"

"सगळ्यांच्या मजुरीची बेरीज करायची आणि ती मजुरांच्या संख्येनं भागायची. सरासरी निघते. ती वाढली की कारखान्यातल्या कामगारांचं बरं चाललंय, असं वरचे समजतात."

"म्हंजे आमचं बरं चालून राह्यलं, असं लिवलं तुमी?"

"तसंच," दिपाली हसली आणि पुढच्या बाईकडे वळली.

ती गेल्यावर हंसाबाईचे हात कापसात तसेच थांबले. मग ती उठली.

"कुठं चालली व?" शेजारच्या जमनीनं विचारलं. दोघी एकाच तांड्यावरच्या.

हंसाबाई शेडबाहेर पडली. फाटकाबाहेर एसटीची वाट पाहणाऱ्या दिपालीसमोर ती जाऊन उभी राहिली.

"बाई, थे खोडा. मले तीनशे वीस भेटते. साऱ्याच बायांले."

दिपाली गोंधळली. "पण मावशी, एकट्या तुमचा आकडा बदलला तर सरासरी फार तर दोन-तीन रुपयांनी हलेल."

"हलू द्या. माही उज्ज्वला बारावीतून घरी बसली, थे तीनशे वीसमधी बसली. चारशे ऐंशीत नाही बसली."

एसटी आली आणि निघून गेली. दिपाली चढली नाही. ती हंसाबाईबरोबर परत आत आली आणि एकेकीला पुन्हा विचारू लागली. घनश्यामबाबू दाराशी हाताची घडी घालून उभे होते.

जमनीनं खाली पाहत सांगितलं, "चारशे ऐंशी."

बाकीच्यांनीही तेच सांगितलं. दिपालीनं सगळं लिहून घेतलं. हंसाबाईचं सर्वांत शेवटी, नावासकट.

दुसऱ्या दिवशी घनश्यामबाबूंनी हंसाबाईला फाटकातच थांबवलं. "आता काम नाही. लागलं तं निरोप धाडतो."

ती तशीच मागे फिरली आणि तूर कापायच्या मजुरीला जाऊ लागली. निरोप आला नाही.

महिन्याभरानं एका संध्याकाळी जमनी तिच्या दारात आली. आत यायला तिचा पाय उचलत नव्हता.

"ये न व. काहून उभी राह्यली?"

जमनी उंबऱ्याच्या आत टेकली. "सरकारी हापिसातून मानसं आलते," ती म्हणाली. "दोन दिवस कागद पाहून गेले. आता बायांले चारशे देऊन राह्यले."

"तुले भेटले?"

"भेटले." जमनीनं पदर तोंडाला लावला. "मी तं त्या दिवशी..."

"तुले दोन लेकरं हायत," हंसाबाई म्हणाली.

तिनं चुलीवरून उकडलेल्या तुरीच्या शेंगांचं पातेलं ओढलं. शेंगा अजून वाफाळत होत्या. जमनीनं हात लावला नाही. तेव्हा हंसाबाईनं एक शेंग सोलली, जमनीची मूठ उघडली आणि हिरवे दाणे तळव्यावर ठेवले. मग दुसरी शेंग घेतली.

"खाय," ती म्हणाली. "गरम हायत तोवर."