पुदिन्याची जेली

तिने फडक्याची पुरचुंडी नळाच्या तोटीला बांधली आणि खाली पातेलं ठेवलं. शिजवलेल्या आंबट सफरचंदांचं पाणी थेंबथेंब गळू लागलं. पुरचुंडी पिळली तर जेली गढूळ होते. तेवढ्या वेळात तिने पुदिन्याची पानं खुडायला घेतली.

"व्हिनेगर नेहमीइतकंच घाल," नवरा दारातून म्हणाला. बोलताना त्याचा एक हात आता गळ्याशी असायचा.

"घसा जळतो तुमचा."

"जळू दे. उद्याचा एक दिवस. मंगळवारी तो बोटीवर गेला की मग तुला हवी तशी कर."

तो म्हणजे धाकटा दीर. बोटीच्या इंजिनवर काम करायचा; गेला की नऊ महिने तोंड दिसायचं नाही. डॉक्टरांनी नवऱ्याला चार महिने सांगितले होते. धाकट्याला यातलं एक अक्षर कळू द्यायचं नाही, असं नवऱ्याने तिच्याकडून वदवून घेतलं होतं. महिनाभर त्याच्या घशाखाली दूध आणि बिनव्हिनेगरची जेली, एवढंच उतरत होतं.

नवरा शिंपी. आठवडाभर बसून त्याने स्वतःच्या पँटी कमरेत आत घेतल्या होत्या, सदऱ्यांचे खांदे उसवून पुन्हा बसवले होते. शिलाई इतकी सफाईदार, की अंगावरचं मांस कुठे गेलं याचा कुणाला पत्ता लागू नये.

रसात साखर विरघळली तेव्हा तिने व्हिनेगरची बाटली उघडली. थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग झाकण लावून बाटली फडताळात ठेवून दिली. रस आटल्यावर थंड बशीवर थेंब टाकून बोटाने ढकलला. सुरकुती पडली; जेली जमली होती. तिने चिरलेला पुदिना आत सोडला.

रविवारी दुपारी धाकटा आला.

"दादा, बारीक झालास रे. आणि आवाजाला काय झालं?"

"सर्दी. आणि तुझी वहिनी हल्ली मोजून वाढते."

धाकटा हसला. जेवताना तो बोटीवरच्या आचाऱ्याचा किस्सा सांगत होता. नवरा भाजलेल्या मटणाचे काप सुरीने बारीक करत होता. काटा तोंडाशी न्यायचा, तेवढ्यात त्याला काहीतरी आठवायचं, बोलायचा आणि काटा पुन्हा खाली यायचा. धाकट्याने घासाला जेली लावून तोंडात टाकली आणि किस्सा मध्येच थांबला. तो भावाच्या ताटलीकडे बघत राहिला.

"मग? आचारी काय म्हणाला?"

"विसरलो बघ."

पाणी आणायला ती उठली तसा धाकटा मागोमाग स्वयंपाकघरात आला.

"वहिनी, व्हिनेगर संपलं होतं का?"

"नाही."

"मग विसरलात?"

तिने मानेनेच नाही म्हटलं. पाण्याचा जग भरून वाहू लागला तरी तिचा हात नळाकडे जाईना. त्यानेच तो बंद केला.

"किती दिवस आहेत?"

"मी शब्द दिलाय त्यांना."

त्याने खिशातून फोन काढला. गॅलरीत जाऊन दार ओढून घेतलं. काचेतून त्याची पाठ दिसत होती, फोन कानाला. बोलता बोलता त्याने एकदा कपाळ भिंतीला टेकलं.

परत येऊन बसला तेव्हा चेहरा पुसलेला होता.

"कंपनीचा फोन होता," तो म्हणाला. "बोट दुरुस्तीला लागलीय. माझं जाणं लांबलं."

"किती?"

"काही सांगत नाहीत."

फोन वाजलेला कुणीच ऐकला नव्हता. नवऱ्याने आधी भावाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती टेबलावरचा एक डाग पुसत होती, तिथे डाग नव्हता.

"बरं," नवरा म्हणाला.

त्याने सुरी-काटा खाली ठेवला, ताटली बाजूला सारली आणि जेलीची वाटी ओढून चमच्याने खाऊ लागला. एकेक चमचा उतरायला वेळ लागत होता. धाकट्याने ते बारीक केलेलं मटण आपल्या ताटलीत ओतून घेतलं आणि खाली मान घालून जेवत राहिला.