कोटातल्या साहेबाला हार नाही

मित्रांनो, मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे. म्हातारपणी मन मोठं होतं म्हणतात. माझं झालं नाही. ऋतिकवर सूड उगवायचा, हे मी पत्र्याच्या पेटीत पडल्या पडल्या ठरवलं होतं आणि तो उगवलाही.

मी कारखान्यात जन्मलो, पण माणसांत आलो तो दारव्ह्याला, पुंडलिकरावांच्या फोटो स्टुडिओत. त्यांनी मला हळदकुंकू वाहिलं आणि पहिला फोटो काढायला बायकोच्या, विमलताईंच्या हाती दिलं. ताईंनी समोर बसवलं ते नवऱ्यालाच. अंगात बंडी, गालांवर देवीचे वण, ओठांत दाबलेलं हसू. तो फोटो पुंडलिकरावांनी माझ्या कार्डातून कधीच पुसला नाही.

कापसाची ती वाईट वर्षं होती. लग्नं साधेपणाने उरकायची, आणि भिंतीवर हार घालून लावायचे फोटो मात्र वाढले होते. पुंडलिकराव माणसाला खिडकीजवळ बसवायचे, घरचं-दारचं विचारायचे आणि चेहरा सैल झाला की बटण दाबायचे. सावळा माणूस माझ्यात सावळाच यायचा. सुरकुती, चामखीळ, कपाळावरचं गोंदण, सगळं जिथल्या तिथं. फोटो बोलून राह्यला, असं लोक म्हणायचे.

मग त्यांचा मुलगा ऋतिक मोठा झाला. त्याने नवा कॅमेरा आणला, संगणक आणला. "बाबा, ह्या डब्ब्यात मानूस जसा हाये तसाच दिसते," तो म्हणाला, "लोकाइले तसं नाही पाहिजे." तो सगळ्यांना गोरं करायचा. कुणी वारलं की ओळखपत्रावरचं डोकं कापून कोट-टायच्या धडावर बसवायचा. जन्मभर धोतर नेसलेल्या नागोरावांनाही त्याने टाय लावूनच देवाघरी पाठवलं. मला पेटीत टाकलं, वर जुने पडदे कोंबले. सेल तसेच पोटात राहिले. ते गळले आणि आतून मी हिरवा पडलो. असलं कुणी विसरतं का?

बोंडअळीच्या साली पुंडलिकराव गेले. तेरवीला ऋतिकने बापाचा मोठा फोटो करून आणला. गाल गुळगुळीत, गोरे, अंगात निळा कोट. पाहुणे जमले होते. विमलताईंच्या हातात हार दिला, तर बाई जागच्या हलेनात.

"हा कोन साहेब हाये?" त्या म्हणाल्या. "मी परक्या मानसाले हार नाही घालत."

पंगत खोळंबली. ऋतिकने मोबाईल पाहिला, संगणक पाहिला. जिथं जिथं बाप सापडला, तिथं त्याने स्वतःच वण पुसून ठेवले होते. मग कुठं त्याला डब्बा आठवला. पेटी उघडली, नवे सेल घातले, बटण दाबलं. मी ढिम्म! त्याने मला हलवलं, थापट्या मारल्या, रडकुंडीला आला. खरं सांगू, माझ्या जिवाला गार वाटलं.

विमलताईंनी मला त्याच्या हातून घेतलं. सेल काढून पदराने आतलं हिरवं घासून घासून पुसलं, सेल परत बसवले आणि बटण दाबलं. त्या हाताला नाही म्हणायची माझी छाती नव्हती. पडदा उजळला. बंडीतले पुंडलिकराव हसू दाबून बसले होते. एवढे दिवस डोळ्यांतून टिपूस न काढलेल्या ताई तेव्हा रडल्या. "हे घ्या, हे आले," एवढंच बोलल्या.

तो फोटो आता स्टुडिओत लागला आहे. येणारा त्याच्याकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, आमचाही ह्याच कॅमेऱ्याने काढा. नवा कॅमेरा कपाटात धूळ खातो. ऋतिक मला रोज पुसतो, आठवणीने सेल काढून ठेवतो, आणि दर फोटोला बापाच्या त्या वणांसमोर उभा राहतो. राहू दे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, त्यांच्यासमोर बसणारी माणसं त्याहून जपा. परवा ऋतिकने मला आईसमोर धरलं. ताई पदराने तोंड पुसायला लागल्या, तर म्हणाला, "राहू दे आई, जशी हायेस तशीच बस." त्याने बटण दाबलं. पहिल्याच दाबाला मी उघडलो. ताईंसाठी उघडलो, त्याच्यासाठी नाही.