पंचवीस अक्षरं

लॅपटॉपच्या पोटाखालच्या परवान्याच्या स्टिकरवरचं तिसरं अक्षर बी आहे की आठ, हे झूराला चष्मा कपाळावर ढकलूनही कळत नव्हतं — रीतीप्रमाणे थोरल्या नातवाच्या पायांत बांधलेली दोरी कापून त्याला पहिलं पाऊल टाकायला लावलं, त्याच वर्षी नवऱ्यानं हा लॅपटॉप नारीनच्या बाजारातून आणला होता, आणि त्याच्या मांडीच्या उबेनं शाई झिजत गेली होती.

"बी," ती म्हणाली.

तालायनं, तिच्या धाकट्या दिरानं, कलता धरलेला लॅपटॉप सरळ करून ते दाबून पंचवीस अक्षरं पुरी केली. मशीननं नाकारलं.

"मग आठ असेल, वहिनी. रागावू नका."

रागावू नका... मंगळवारी त्यानंच फोनवर विचारलं होतं, सी ड्राइव्ह कोरी करून सगळं नव्यानं बसवतो, डीवरचं राहील, सगळं डीवरच आहे ना? आणि दिरापुढे अडाणी दिसायला नको म्हणून ती म्हणाली होती, हो, हो, डीवरच. नवरा मात्र सगळं उघडल्या उघडल्या समोर दिसेल असं ठेवायचा. ती समोरची जागा म्हणजेच सी, हे तिला आज कळलं, पुसून झाल्यावर. अकरा पिढ्यांची वंशावळ, तीन हिवाळे, दोन बोटांनी टाइप केलेली. शनिवारी त्याला जाऊन वर्ष होणार, त्याचं जेवण. कूळ जमणार, घरटी एक कागद द्यायचा होता. जुनी जाणती माणसं संपली होती, तो शेवटचा.

आठ धरून पंचवीसही अक्षरं तिनं पुन्हा खणखणीत वाचली. परवाना खरा असल्याचं पडद्यावर उमटलं. तालायनं कोरं पान उघडलं आणि तिच्याकडे न बघता विचारलं, "दादा मोठ्यानं म्हणत टाइप करायचा. तुम्ही शेजारीच असायचात. काहीच आठवत नाही?"

सगळं आठवत होतं. तेच तर... सून सासरच्या वडीलधाऱ्यांची नावं घेत नाही. एक्केचाळीस वर्षांत एकही नाव तिनं ओठांवर येऊ दिलं नव्हतं. सासरे 'मोठ्या घरचे', चुलतसासरे 'घोडेवाले', आजेसासरे नुसते 'ते'. शेजारी लोकर पिंजत ती ऐकत राहायची, आणि त्यानं एकदाही मान वळवून विचारलं नाही, तुला येतं का गं हे — मी काय दगड होते त्याच्या शेजारी? आता एका परक्या यंत्राला पटावं म्हणून पंचवीस निरर्थक अक्षरं मात्र मी घसा फोडून म्हणायची. राग तालायवर होता, त्या पुसट स्टिकरवर होता, मंगळवारच्या 'हो, हो'वर होता, आणि मेलेल्या माणसावर तर सगळ्यांत जास्त.

कोऱ्या पानावर उभी रेघ लुकलुकत होती.

"लिही," ती म्हणाली. "तुझे वडील. एशेनकुल."

तालायची बोटं जागीच थांबली. तिच्या डोक्यावरचा रुमाल घसरलेला दिसावा तशी त्यानं नजर खाली घातली. तिला वाटलं होतं, जीभ भाजेल. भाजली नाही. राग उतरलाही नाही. फक्त तो आता नेमका कुणावर आहे, ते तिला सापडेना... इतकं सोपं होतं हे? इतकी वर्षं?

"लिही ना. एशेनकुल, मोल्दालीचा मुलगा. एकोणीसशे एक्याऐंशीच्या मार्चमध्ये वारला."