शेवटच्या पायरीवरचा सूर

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी जत्रेतली शिट्टी नव्हे. मी चिलीच्या नौदलातली जुनी पितळी शिट्टी आहे. वाल्पाराइसो बंदरातल्या एका कारागिराने मला घडवले आणि मी तिबुर्सिओ साल्दिविया यांच्या गळ्यात पडले. ते जहाजावर सारंग होते, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. वादळात माणसाचा आवाज वाऱ्यावर उडून जातो, माझा जात नाही. सव्वीस वर्षे माझ्या सुरावर दोरखंड ओढले गेले आणि नांगर पडले.

पण मला घरची नोकरी जास्त आवडली. निवृत्तीनंतर दर रविवारी सारंग टेकडीवरच्या घराच्या दारात उभे राहत आणि जेवणाची शिट्टी फुंकत. पायऱ्यांवर खेळणारी मुले धावत वर येत.

"झालं यांचं सुरू!" स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी ओतिलियाबाई ओरडत. "अहो, कासुएलाचा रस्सा अजून चुलीवर आहे. मी काय तुमच्या हाताखालची खलाशी आहे?"

"छे गं, तू तर अ‍ॅडमिरल!"

पुढे बाई अंथरुणाला खिळल्या. मग त्या जाईपर्यंत चार वर्षे सारंगांनी स्वतः रस्सा रांधला आणि वाडगा आत नेताना मला अगदी हळू फुंकले. बाई डोळे मिटूनच हसत.

जहाजावरच्या जोडीदारांत एक ठरलेले होते. सारंगाची शवपेटी टेकडी उतरली, की शेवटच्या पायरीवर त्याच्याच शिट्टीचा लांब सूर वाजवून त्याला निरोप द्यायचा. दुसऱ्याची शिट्टी चालत नाही.

"बेनिग्नो, तू वाजवशील ना रे?" सारंगांनी जुन्या मित्राला विचारले होते.

"वाजवीन की! तू आधी मर तर खरा!"

दोघे खोकला येईपर्यंत हसले.

सारंगांच्या ऐंशीव्या वाढदिवसाआधी त्यांची मुलगी नेल्दा मला गुपचूप घेऊन गेली. मी परतले ती काचेच्या फ्रेममधून, निळ्या मखमलीवर. मला घासून चकचकीत केले होते आणि हलू नये म्हणून खाली भरपूर गोंद ओतला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सारंगांनी एवढेच विचारले, "आता वाजेल का गं ही?"

"बाबा, खूप वाजली ती. आता तिला आराम करू द्या, आणि तुम्हीही करा."

त्या दिवसापासून त्यांना चुलीजवळही जाऊ दिले नाही. ते खुर्चीत बसून राहिले आणि मी भिंतीवर. मित्रांनो, माझा विश्वासघात झाला, तोही टाळ्यांच्या गजरात.

गेल्या हिवाळ्यात सारंग गेले. फ्रेम फोडून मला बाहेर काढले. शेवटच्या पायरीवर बेनिग्नोंनी मला ओठांना लावून फुंकले. नुसती हवा निघाली. गोंद माझ्या घशात जाऊन घट्ट बसला होता. त्यांनी पुन्हा फुंकले, चेहरा लाल होईपर्यंत.

"मुकी झालीय ही, नेल्दा."

"मी तर तिला जपायला..."

"मोबाईलवर मिळेल तसला सूर. लावू का?" कुणीतरी म्हणाले.

"खबरदार!" बेनिग्नो म्हणाले.

शवपेटी निमूट गाडीत चढली. शब्द मी दिला नव्हता, पण मोडला मात्र माझ्यामुळे.

आता रविवारी नेल्दा दारात बसून सुईने माझ्या घशातला गोंद खरवडते. परवा बारीकसा सूर निघाला आणि ती ढसाढसा रडली. मी तिला अजून माफ केलेले नाही. मित्रांनो, आपल्या म्हाताऱ्या माणसांना आणि वस्तूंना जरूर जपा. पण काचेमागे बसवण्याआधी त्यांना एकदा वाजू द्या, आणि जवळ उभे राहून ऐका.