मालनबाईंच्या दारातलं कीर्तन

मी एक जुनी बाजाची पेटी आहे. शाळेत तुम्ही मला हार्मोनियम म्हणता. माझं लाकूड सागाचं, सूर जर्मनीहून आलेले. मुलुंडच्या एका लहानशा राममंदिरात मार्तंडबुवांच्या कीर्तनाला साथ करण्यात माझं आयुष्य गेलं. रामनवमीला माझ्यावरही हार पडे. एरवी मी खोळीत असे.

मित्रांनो, ही गोष्ट सत्तावन्न सालची. देवळामागच्या चाळीत माणिक नावाची मुलगी राहत होती. तिची आई मालनबाई अर्धांगाने अंथरुणाला खिळली होती. तिला भरवणं, कुशीवर वळवणं, सगळं माणिककडे. त्यामुळे शाळा सारखी बुडे. तरी घरी अभ्यास करून ती सातवीच्या फायनलला बसली. सुरुवातीच्या पेपरांना वडील घरी थांबले. गणिताच्या पेपराला मात्र त्यांना कारखान्यातून रजा मिळेना. शेजारच्या जयंतीकाकू थांबायला तयार होत्या. पण माणिक दिसली नाही की मालनबाई घाबरून उठायला बघत. एकदा अशाच खाली पडल्या होत्या.

आदल्या दिवशी माणिक देवळात आली. "बुवा, मी नाही जात पेपरला."

"वेडी आहेस का गं? आईला काय आवडतं ते सांग."

"तुमचं कीर्तन. पण आजारी पडल्यापासून ऐकलंच नाही तिनं."

"मग उद्या दुपारी कीर्तन तुझ्या दारात!"

एक गृहस्थ कुरकुरले, "देव देवळात आणि कीर्तन चाळीच्या गॅलरीत?"

"देवाची तसबीर उचलून नेऊ की," बुवा म्हणाले. "मालनबाईंपेक्षा हलकी आहे ती."

दुसऱ्या दिवशी मला जिना चढवून नेलं. माणिक घाटकोपरला परीक्षेला गेली. आख्यान द्रौपदीवस्त्रहरणाचं होतं. मालनबाई डोळे मिटून ऐकत होत्या. कृष्णाने वस्त्रं पुरवली, आता आरतीच व्हायची. पण माणिकचा पत्ता नव्हता. माझे सूर जरा थांबले, तशी मालनबाईंची नजर दाराकडे गेली. चांगला हात उशीवर आपटू लागला.

बुवांनी ते पाहिलं आणि कृष्णाकडून आणखी एक साडी मागवली. मग पैठणी, इरकली, नारायणपेठी! प्रत्येकीला वेगळी चाल. माझा भाता दमून गेला.

"बुवा, एवढ्या साड्या दादरच्या दुकानातसुद्धा नाहीत हो!" जयंतीकाकू म्हणाल्या. सगळे हसले. मालनबाईसुद्धा अर्ध्या ओठांनी हसल्या.

शेवटी जिन्यावर पावलं वाजली. माणिकच्या बोटांना शाई लागली होती.

"सुटली का गं गणितं?"

"एक राहिलं, बुवा."

"राहू दे. माझी तर एकही साडी शिल्लक नाही." आणि त्यांनी आरतीला सुरुवात केली.

माणिक पास झाली. हायस्कुलात जाऊ लागली. ती घरी नसताना कीर्तनाची मंडळी पाळीपाळीने मालनबाईंजवळ बसत. कुणी पोथी वाचे, कुणी नुसती भाजी निवडत गप्पा मारी.

आता देवळात नवी पेटी आली आहे आणि मी माळ्यावर आहे. माझा भाता कुणी सांधला तर बरं वाटेल. पण मित्रांनो, त्याला घाई नाही. तुमच्या वर्गात कुणी वरचेवर गैरहजर राहत असेल, तर त्याला आळशी म्हणण्याआधी घरी जाऊन पाहा. तुमच्या आईला, आजोबांना सोबत न्या. तिथल्या आजारी माणसाजवळ मोठ्यांनी पाळीपाळीने बसावं. गाता येत नसलं तरी गोष्ट सगळ्यांना सांगता येते. आणि मूल शाळेतून परतेपर्यंत ती लांबवताही येते.