शिडीवर खटला

माझी मोठी जाऊ, आमची वहिनी, शिडीवरून पडली आणि तिने शिडीच्या कंपनीवर खटला भरला, एवढीच बातमी लोकांपर्यंत पोचली. मधलं सगळं वाटेत गळून गेलं. शिडी नवी कोरी होती, मधल्या पट्टीचा खटका बसवून मगच वहिनी वर चढली होती, तो आपसूक सुटला आणि तिचं उजवं मनगट मोडलं, हे ऐकायला कुणाला वेळ होता? नाचता येईना अंगण वाकडं, म्हणाले आणि हसले. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

वहिनी घरोघरी पडदे लावते. मापं घेते, शिवते, भिंतीत दांडी ठोकते आणि शिडीवर उभी राहून चुण्या अशा सोडते की बघत राहावं. मी जमिनीवर जेवढी ताठ उभी राहत नाही, तेवढी ती शिडीवर राहायची. पण आमच्या चुलत सासऱ्यांना हे कोण सांगणार? घरात चार माणसं जेवायला जमली की त्यांचा किस्सा सुरू. म्हणे कुणीतरी चालून चालून पाय दुखले म्हणून बूट कंपनीला कोर्टात खेचलं आणि रातोरात बंगला बांधला. मी विचारलं, कोण हा माणूस? ते म्हणाले, ऐकलंय. ज्याने सांगितलं त्यानेही ऐकलंच होतं. त्या बंगल्याचा मालक आजवर कुणाला भेटलेला नाही, पण पत्ता सगळ्यांना पाठ.

आमचा बंगला म्हणजे कोर्टाबाहेरचं लाकडी बाकडं. तिथे बसून तारीख घ्यायची, एक्स-रे पिशवीत घालून घरी यायचं. आत गेलं की कंपनीचा वकील विचारणार, चप्पल घातली होती का? डोक्यात घरच्या काळज्या होत्या का? जणू वहिनीच्या डोक्यातल्या काळज्यांनी तो खटका उघडला. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. वहिनी मात्र शांतपणे उत्तरं द्यायची आणि बाहेर आल्यावर पाणी प्यायची.

खरं दुखणं वेगळंच होतं. मनगट जुळलं, पण काम परत येईना. वर्षानुवर्षं वहिनीकडूनच पडदे लावून घेणाऱ्या एक शिक्षिकाबाई होत्या. त्यांनी फोनवर गोड आवाजात सांगितलं, हाताला आराम द्या. आणि शेजारणीला म्हणाल्या, हिला घरात घ्यायचं, उद्या पाय घसरला तर आपल्यालाच कोर्टात उभं करेल. असं एकेक घर तुटत गेलं. खटला हरली असती, तर वहिनी जन्मभर खोटी ठरली असती आणि पुन्हा कुणाच्या खिडकीला तिचा हात लागला नसता. शिलाई मशीनवर तिने चादर टाकून ठेवली होती.

मग कंपनीच्या वकिलाला हौस आली. शिडी किती भक्कम आहे ते न्यायालयानेच पाहावं, म्हणाला. तसलीच शिडी आणली आणि दुकानादुकानांतून ती लोकांना दाखवणारा कंपनीचा माणूसही आणला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते याला.

माणूस साधा होता. त्याने शिडी उघडली, पट्टी सरळ केली, खटका बसवला, त्यावर बुटाची टाच हलकेच आपटली आणि सरसर वर गेला. वर जाऊन थोडा नाचलासुद्धा. वकील आमच्याकडे बघून हसला. न्यायाधीशबाई मात्र त्या माणसाच्या पायांकडे बघत होत्या. त्यांनी शिडी मिटून पुन्हा उघडायला सांगितली. त्याने पुन्हा तसंच केलं. पट्टी, खटका, टाच.

"ती टाच कशाला मारता?" बाईंनी विचारलं.

"मारावीच लागते, मॅडम. नाहीतर खटका बसल्यासारखा दिसतो, पण बसत नाही. आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात."

वकिलाचा चेहरा उतरला. हे गिऱ्हाइकाला कुठे सांगितलंय का, असं बाईंनी विचारलं. तो शिडीवाला माणूस म्हणाला, नाही. मग टाच न मारता चढून दाखवा, म्हणाल्या. त्याने शिडीकडे बघितलं, वकिलाकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"नको, मॅडम. मला दोन लहान मुली आहेत."

मी वहिनीचा हात इतका घट्ट धरला की तिला म्हणावं लागलं, अगं, हा मोडलेला आहे.

बाहेर आलो तर वकील धावत आला. आता तो आम्हाला ताई म्हणत होता. निकालाची वाट कशाला बघता, कंपनी पाहिजे ती भरपाई द्यायला तयार आहे, फक्त याबद्दल कुठे बोलायचं नाही, म्हणाला. खरं सांगते, माझं मन क्षणभर डळमळलं. वहिनीचं नाही.

"मग बाकीच्यांना टाच मारायला कोण सांगणार?" तिने विचारलं आणि जिना उतरू लागली.

निकाल लागला. औषधपाणी आणि बुडालेलं काम भरून निघालं, बंगला काही आला नाही. पण निकालात लिहिलं होतं की चूक शिडीची होती आणि ती कंपनीला ठाऊक होती. विकलेली प्रत्येक शिडी परत घ्या, असा हुकूमही होता.

हार्डवेअरच्या दुकानापुढे तेव्हा जे दिसलं ते मी विसरणार नाही. गल्लीच्या टोकापर्यंत माणसं, प्रत्येकाच्या खांद्यावर शिडी. वहिनीला हसलेली तोंडं मी एकेक ओळखत होते. चुलत सासरेही होते, शिडी उभी धरून तिच्यामागे लपल्यासारखे. मी मुद्दाम जाऊन नमस्कार केला. शिक्षिकाबाईंनी आपली शिडी खाली टेकवली आणि वहिनीचा हात धरला. त्यांचे वडील रोज याच शिडीवर चढून पाण्याची टाकी बघायचे. बाई म्हणाल्या, "दिवाणखान्याचे पडदे तुम्हीच लावायचे."

"उद्या येते," वहिनी म्हणाली.

मला रडू आलं आणि मी ते पुसलं नाही. दुकानामागे शिड्यांचा ढीग वाढतच होता. वहिनी बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली.

"एवढी माणसं पडायची होती गं," ती म्हणाली.

मग पडद्याचे हूक घ्यायला ती दुकानात शिरली, तेव्हा रांगेतल्या माणसांनी शिड्या बाजूला ओढून तिला वाट करून दिली.